एकोणीस नंबरच्या वाटेतले बैल

मोटारींची शर्यत मी आयुष्यात कधी पाहिली नव्हती. टीव्हीवर लागली तर चॅनेल बदलायची. एकतीस वर्षं सरकारी रुग्णालयांत परिचारिका म्हणून काढली, त्यातली सतरा घाटंजीला, आणि मोटारींशी माझा संबंध यायचा तो त्यांतून बाहेर काढलेल्या माणसांमुळे. निवृत्त झाल्यावर यवतमाळला लोहाऱ्याच्या बाजूला दोन खोल्यांचं घर घेतलं आणि सकाळी फिरायला जायचं, दुपारी झोपायचं, असं एक वर्ष काढलं. त्या वर्षात मी जितकी कंटाळले तितकी नोकरीत कधी दमले नसेन.

म्हणून होळीनंतर आमच्या रुग्णालयातल्या जुन्या डॉक्टरांचा फोन आला तेव्हा मी पूर्ण ऐकून घ्यायच्या आधीच हो म्हणून टाकलं.

डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, घाटंजीच्या पलीकडे माळावर गाड्यांची शर्यत आहे. दहा तासांची. मी मुख्य तंबूत असणार. लांबच्या चौकीवर बसायला अनुभवी माणूस पाहिजे."

"दहा तास गाड्या पळवायच्या?" मी विचारलं.

"हो. सकाळी सात ते संध्याकाळी पाच. एका गाडीला दोन चालक, आळीपाळीने चालवतात. ज्याच्या फेऱ्या जास्त तो जिंकला. वेगापेक्षा दमाचं काम आहे."

"आणि मी काय करायचं?"

"बहुतेक काहीच नाही," डॉक्टर म्हणाले. "सावलीत बसायचं."

रविवारी पहाटे अँब्युलन्स मला घ्यायला आली. चालक पन्नाशीचा, आर्णीकडचा, बोलायला मोकळा. मी त्यांना भाऊ म्हणत होते. घाटंजी मागे टाकून आम्ही डांबरी रस्ता सोडला आणि कापसाच्या उभ्या पऱ्हाट्यांमधून, मग नुसत्या पडीक माळावरून, चुन्याच्या पांढऱ्या खुणा बघत चाललो. खुणा म्हणजेच शर्यतीचा रस्ता. साधारण वीस किलोमीटरची फेरी होती, माळ, नाला, परत माळ, थोडं झुडपी जंगल. आमची चौकी सुरुवातीच्या जागेपासून सगळ्यात लांब, नाल्याच्या वळणाजवळ, मोहाच्या एका मोठ्या झाडाखाली होती.

झाड ज्यांच्या शेताच्या बांधावर होतं ते म्हातारे गृहस्थ आमच्या आधीच येऊन बसले होते. जवळच्या तांड्यावरचे, बंजारा समाजाचे. अंगात स्वच्छ पांढरा सदरा, डोक्याला लालसर पागोटं, बसायला स्वतःची बाज आणलेली. शर्यतवाल्यांना त्यांनीच झाडाखाली चौकी लावू दिली होती.

"बसा बाई," ते म्हणाले आणि बाजेचं एक टोक मला दिलं. मी त्यांना बाबा म्हटलं. ते थोडे सरकले.

मोहाची फुलं गळत होती. त्या पहाटेच्या शांततेत एकेक फूल पाचोळ्यावर पडल्याचा आवाज येत होता, कुणीतरी अगदी हळू पावलं टाकावीत तसा. आणि तो गोड, जड वास. भाऊंनी अँब्युलन्स सावलीला लावली, ऑक्सिजनचा सिलिंडर तपासला, आणि मला एक वॉकीटॉकी, एक वही दिली. गाडी गेली की तिचा नंबर आणि वेळ लिहायची, एवढंच काम.

सव्वासातला पहिल्या गाड्या आल्या.

माझी समजूत अशी होती की शर्यत म्हणजे अखंड गोंगाट. तसं नव्हतं. अकरा गाड्या, जुन्या जीपसारख्या, काही बंद टपाच्या. त्या आल्या, कानठळ्या बसल्या, धूळ उडाली, गेल्या. मग काहीच नाही. पंधरा-वीस मिनिटं तो माळ इतका गप्प व्हायचा की मला माझ्या घड्याळाची टिकटिक ऐकू यायची. आधी पाखरं तरी बोलत होती. तिसऱ्या फेरीनंतर तीही थांबली. नाल्यापलीकडच्या सागांवर वानरांचा एक कळप होता, तो एकही आवाज न करता फांद्यांवर ओळीने बसून रस्त्याकडे बघत होता.

आणि आवाजाचा एक विचित्र प्रकार होता. गाडी डावीकडून, चढावरून यायची, पण तिचा आवाज आधी उजवीकडून, नाल्यातून यायचा. दर वेळी मी उजवीकडे मान वळवायची आणि गाडी माझ्या पाठीमागून येऊन निघून जायची. भाऊ म्हणाले, "टेकडीवर आपटून येते तो आवाज, सिस्टर." ते खरंच असणार. पण दहाव्यांदा फसल्यावर मला त्या नाल्याकडे बघवेना. बाबा मात्र सकाळपासून नाल्याकडेच तोंड करून बसले होते. रस्त्याकडे त्यांनी पाठ केली होती.

हळूहळू गाड्या ओळखीच्या झाल्या. मी त्यांची वाट पाहू लागले. चार नंबरचा एक दिवा फुटला होता, सात नंबरवाला चौकीसमोर हमखास हात करायचा. एकोणीस नंबर ही पांढरी, बंद टपाची गाडी होती, आणि ती सर्वांत नेमाने यायची. पंचवीस मिनिटं म्हणजे पंचवीस मिनिटं. दहाच्या सुमारास वॉकीटॉकीवर कळलं की एकोणीसचा पहिला चालक उलट्या होतात म्हणून उतरला आणि दुसऱ्याने गाडी घेतली. आदल्या रात्रीचं जेवण बाधलं असेल, असं तंबूतलं कुणीतरी म्हणालं. मी ते ऐकलं आणि विसरले.

साडेअकराला एकोणीस यायला हवी होती. आली नाही. तिच्या मागची सात नंबर आली, आणि नेहमी हात करून जाणारा तो चालक या वेळी थांबला. काच खाली करून म्हणाला, "मागे चढापलीकडे एकोणीसवाला उभाय. गाडीतून उतरून रस्त्याच्या कडेला, हात वर करून."

"मदत मागतोय का?" मी विचारलं.

"तसं वाटलं नाही. मला थांब म्हणून खूण करत होता. मी बाजूने काढली." तो जरा घुटमळला. "समोर काहीच नव्हतं."

तो गेला. भाऊ अँब्युलन्सकडे निघालेच होते, तेवढ्यात एकोणीसचा आवाज आला, नेहमीप्रमाणे उजवीकडून, आणि गाडी चढावरून उतरून आमच्यासमोर शांतपणे थांबली. चालकाने हेल्मेट काढलं. पंचेचाळिशीचा, नाशिककडचा माणूस, चेहऱ्यावर धुळीची रेघ. अतिशय सभ्य.

"सिस्टर, ते बैल कुणाचे आहेत?" त्याने विचारलं. "शर्यत संपेपर्यंत जरा दुसरीकडून न्यायला सांगता का?"

"कुठले बैल?"

"आत्ता आडवे गेले ते. शंभर तरी असतील. मी दहा मिनिटं थांबलो." त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. "माझी हरकत नाही, पण मागून कुणी जोरात आला तर जनावरं मरतील."

त्याने पाणी मागितलं, एक बाटली संपवली, नमस्कार केला आणि गेला.

भाऊ म्हणाले, "शंभर बैल? अख्ख्या गावात नसतीन आता. सारे ट्रॅक्टरवर आले." तरी ते चढापर्यंत चालत जाऊन आले. परतले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"काईच नाई, सिस्टर. शेन नाई, खुराचा ठसा नाई. त्या मान्साच्या बुटाचे ठसे तेवढे हायेत. गाडीतून उतरला, बाजूले गेला, अन् एकाच जागी उभा राह्यला. माती दबून गेली तिथं."

"ऊन लागलं असेल," मी म्हटलं.

"असन," भाऊ म्हणाले, आणि अँब्युलन्सच्या आत जाऊन बसले. सकाळपासून ते बाहेर होते.

मला इथे एक सांगितलं पाहिजे. आमच्या घरात भुताखेताचा विषय नव्हता. माझ्या आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हा देवघर आणि अंगारे-धुपारे एकाच दिवशी घराबाहेर गेले, आणि वडिलांनी आम्हा बहिणींना लहानपणी मुद्दाम अंधाऱ्या न्हाणीघरातून तांब्या आणायला पाठवून निर्धास्त केलं होतं. रुग्णालयात मी शवागाराशेजारच्या खोलीत एकटी डबा खाल्लेला आहे. पण त्या भर दुपारी, लख्ख उन्हात, बाजेवर बसल्या बसल्या माझ्या दंडांवर काटा आला आणि तो जाईना.

बारा वाजून वीस मिनिटांनी एकोणीस परत आली. पुन्हा उशिरा, पुन्हा थांबली. चालक या वेळी खाली उतरला आणि गाडीच्या दाराला धरून उभा राहिला.

"सांगितलं नाहीत तुम्ही त्यांना," तो मला म्हणाला. अजूनही सभ्यच.

मी त्याला सावलीत बसवलं. नाडी जलद होती. डोकं दुखतंय का विचारलं तर हो म्हणाला, सकाळपासून, हेल्मेट घट्ट आहे. बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलं. नव्याण्णव आलं. गाल लालबुंद होते, पण त्या दिवशी कुणाचे नव्हते? मी त्याला साखर-मिठाचं पाणी दिलं. तो ते पीत असताना बाबांनी सकाळपासून पहिल्यांदा रस्त्याकडे तोंड वळवलं.

"बैलं गाडीले जुपले होते का?" त्यांनी विचारलं.

"नाही बाबा. गाडी एकही नव्हती. पाठीवर गोण्या होत्या, दोन्ही बाजूंनी लोंबणाऱ्या."

"कुकडे चालले होते?"

चालकाने चढाकडून नाल्याकडे हात केला. "तिकडे, पाण्याकडे. एकामागे एक. माणसं बाजूने चालत होती. कुणी बोलत नव्हतं. गळ्यातल्या घंटा हलत होत्या, पण आवाज येत नव्हता." त्याने कान चोळला. "म्हणजे मला आला नाही. कानात हेल्मेटचा दाब असतो ना."

"म्होरच्या बैलाच्या पाठीवर काय होतं?" बाबांनी विचारलं.

"लाल कापड. त्यावर आरशाचे तुकडे. उन्हात डोळ्यांवर येत होते."

बाबांनी मान खाली घातली. चालक उठला, मला वाटलं आता थांबेल, पण त्याने हेल्मेट चढवलं. मी काय करायला हवं होतं ते आज मला ठाऊक आहे. त्याची किल्ली काढून घ्यायला हवी होती. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मला तो तिथून जायला हवा होता. त्याच्याजवळ उभं राहावंसं वाटत नव्हतं. यंत्रात नव्याण्णव दिसत होतं, आणि मी त्या आकड्याच्या आड लपले. वहीत लिहिलं, 'तपासलं, ठीक.' तो गेला.

धूळ खाली बसायला फार वेळ लागला. वाराच नव्हता. धूळ एका जागी उभी राहिल्यासारखी लटकली होती आणि तिच्यातून पलीकडचे साग दिसत होते.

"बाबा, तुम्ही ते का विचारलंत?" मी म्हटलं.

"लदेणी म्हनत त्याले," बाबा म्हणाले. "आमचे लोक बैलाच्या पाठीवर माल न्यायचे. मीठ, धान. इथूनच वाट होती, या नाल्यात पानी पाजायचे. म्या नाई पाह्यलं. माह्या बापानंही नाई. आज्याच्या बापानं पाह्यलं असन. मंग रस्ते झाले, रेल्वे झाली. बैलं इकले, जमिनीले लागलो." त्यांनी हात नाल्याकडे केला. "म्होरच्या बैलाले आरशाची लाल झूल घालत, असं बुढे सांगत."

"मग या माणसाला ते कसं माहीत?"

"मले काय ठाऊक."

"तुम्हाला काय वाटतं?"

बाबांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "मले वाटते तो मानूस बिमार हाये, बाई. तुमी त्याचं बोलनं आयकत राह्यले. त्याचे डोये नाई पाह्यले तुमी."

एकतीस वर्षांच्या नोकरीत मला कुणी इतक्या शांतपणे खडसावलं नव्हतं. मी भानावर आले. वॉकीटॉकी उचलली.

"डॉक्टर, एकोणीसच्या पहिल्या चालकाला कसं आहे?"

"बरा आहे आता," डॉक्टरांचा आवाज आला. "डोकं धरलं होतं, उलट्या. मोकळ्या हवेत पडून राहिला, उतार पडला. रात्रीचं जेवण बाधलं."

"तो जेवला होता का? विचारा जरा."

बराच वेळ नुसती खरखर. मग डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, त्याचा शनिवारचा उपास होता. फक्त केळी खाल्ली होती."

आणि मला एकदम घाटंजीतली एक हिवाळ्यातली सकाळ आठवली. एका बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेलं कुटुंब आणलं होतं. त्यातली आई शुद्धीवर होती. ती मला सांगत होती की खोलीतून रात्रभर लग्नाची वरात जात होती, तिने मुलांना वरातीच्या पायांखाली येऊ नये म्हणून भिंतीशी ओढून घेतलं. तिचेही गाल असेच लाल होते. आणि तेव्हाच डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं होतं की कोळशाच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडने बोटावरचं यंत्र फसतं, चांगलाच आकडा दाखवतं.

"डॉक्टर, जेवण नाही. गाडीत धूर भरतोय. एक्झॉस्टचा. दोघांनाही तेच झालंय. एकोणीसला थांबवा."

"ती तंबूसमोरून आत्ताच गेली," डॉक्टर म्हणाले. "आता तुमच्याकडेच येईल."

तंबू ते आमची चौकी म्हणजे अर्धी फेरी. मी घड्याळ धरून बसले. डॉक्टरांनी बाकीच्या गाड्या तंबूशी थांबवायला घेतल्या, पण ज्या पुढे निघाल्या होत्या त्या येतच राहिल्या. तीन गाड्या गेल्या. मग उजवीकडून, नाल्यातून, एकोणीसचा आवाज आला. आता तो मला ओळखू येत होता. आवाज वाढला, वाढला, आणि चढापलीकडे एका पातळीवर थांबला. बंद पडला नाही. इंजिन नुसतं चालू राहिलं.

"चला," मी भाऊंना म्हटलं. बाबा न विचारता मागच्या दारातून आत चढले.

चढ ओलांडल्यावर आम्हाला सगळं एकदम दिसलं. माळाच्या मधोमध पांढरी गाडी उभी, दार सताड उघडं, इंजिन चालू. गाडीपासून दहा-बारा पावलांवर चालक पाठमोरा उभा. त्याचा उजवा हात खांद्याच्या वर, पंजा उघडा, जसा रस्त्यावर गुरांचा कळप असताना मागच्या वाहनाला थांब म्हणून करतात तसा. समोर रिकामा माळ. वाळलेलं गवत, आणि पळसाची लाल फुलं.

भाऊंनी अँब्युलन्स थांबवली. खरं तर त्यांनी थेट त्याच्याजवळ न्यायला हवी होती. पण ते वीस पावलं अलीकडेच थांबले, आणि मीही त्यांना पुढे चला म्हटलं नाही. मी उतरून चालत गेले. पायांखालचं गवत मोडत होतं, तेवढाच आवाज.

"दादा," मी म्हटलं. "चला, जरा सावलीत बसू."

"थांबा," तो मागे न बघता म्हणाला. "अजून थोडे आहेत."

त्याची नजर सावकाश डावीकडून उजवीकडे जात होती. मग पुन्हा डावीकडे, पुन्हा सावकाश उजवीकडे. मी त्याचा दंड धरला. माणूस थरथरत होता, पण पाय जमिनीत रोवल्यासारखे. मी ओढलं, तो हलला नाही. भाऊ मागून म्हणाले, "सिस्टर, उचलू का?" पण त्यांच्या आवाजावरूनच कळत होतं की त्यांना पुढे यायचं नाही.

मग बाबा आले. ते चालकाच्या दुसऱ्या बाजूला, त्याच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले आणि तो बघत होता तिकडेच बघू लागले. त्यांचीही मान डावीकडून उजवीकडे गेली. सावकाश. एकदा, मग परत एकदा. किती वेळ गेला सांगता येत नाही, बहुधा मिनिटभरही नसेल. मला त्या दोघांच्या मध्ये डोकं घालून पुढे बघायचं धाडस झालं नाही. मी बाबांच्या कानाकडे बघत राहिले, कानातल्या चांदीच्या बाळीकडे.

"गेले सारे," बाबा म्हणाले. "तो शेवटचा बैल. गेला तो. चाल आता, बेटा."

चालकाने हात खाली केला. लहान मुलासारखा माझ्याबरोबर चालत आला, अँब्युलन्समध्ये आडवा झाला, आणि मी त्याला मास्क लावून ऑक्सिजन पूर्ण सोडला. भाऊंनी जाऊन त्याची गाडी बंद केली. इंजिन थांबल्याबरोबर इतकी शांतता झाली की सगळेच दचकलो.

यवतमाळला पोहोचेपर्यंत त्याला दोनदा उलटी झाली आणि नंतर तो झोपला. रुग्णालयात रक्त तपासलं, निदान बरोबर होतं. दोन दिवसांत तो हिंडूफिरू लागला. त्याच्या जोडीदाराला पण ठेवून घेतलं होतं, तो आधीच घरी गेला. गाडी उचलून बघितली तेव्हा कळलं की पहाटेच कुठेतरी दगड लागून धुराचा पाइप चिरला होता, आणि त्याच्या बरोबर वर, चालकाच्या सीटखालच्या पत्र्याला भोक होतं. धुळीमुळे काचा कायम बंद. डॉक्टर म्हणाले, "दर फेरीला तो उतरून दहा मिनिटं मोकळ्या हवेत उभा राहिला म्हणून आपल्या हाती लागला. नाहीतर कुठल्यातरी झाडावर मिळाला असता." मी त्यांना बैलांचं सांगितलं. ते म्हणाले, भास होतातच. मीही तेच म्हटलं असतं.

शर्यत तासाभराने परत सुरू झाली होती म्हणे. कोण जिंकलं ते मी विचारलं नाही.

महिन्याभराने मी घाटंजीला गेले होते, तेव्हा मुद्दाम तांड्यावर जाऊन बाबांना भेटले. चहा आल्यावर विचारलं, "त्या दिवशी तुम्ही काय बघत होतात?"

"त्या मान्साची नजर जिकडं जात होती तिकडं म्या पाह्यत होतो," बाबा म्हणाले. "मी नसतं पाह्यलं तं त्यानं माहं आयकलं असतं का?"

"म्हणजे दिसलं काहीच नाही."

"चहा थंडा होऊन राह्यला," ते म्हणाले. मी कप उचलला.

आणखी काही दिवसांनी चालकाचा नाशिकहून फोन आला. आभार मानले. तब्येत चांगली आहे, फक्त अजून थोडं विसरायला होतं, असं म्हणाला. शर्यतीतलं त्याला जवळजवळ काहीच आठवत नव्हतं. मी, पाणी, चौकी, काही नाही. बैल मात्र आठवत होते. मी विचारलं, असं चित्र कधी बघितलं होतं का, लहानपणी पुस्तकात वगैरे. त्याने बराच विचार केला आणि नाही म्हणाला.

"एक तुम्हाला सांगितलं नव्हतं, सिस्टर," तो म्हणाला. "दर फेरीला ते कमी होत होते. पहिल्या वेळी संपता संपेना. दुसऱ्यांदा निम्म्याहून कमी. शेवटी सात-आठच होते. मी मोजत होतो. त्यानंतरच्या फेरीला कुणी आडवं आलंच नसतं, आणि मी थांबलोच नसतो."

पलीकडे तो वाट बघत होता, कुणीतरी यावर काहीतरी म्हणावं म्हणून. शेवटी मी त्याला विचारलं की पुन्हा रक्त तपासायला कधी बोलावलं आहे. तो म्हणाला, पुढच्या गुरुवारी. मी म्हटलं, चुकवू नका, आणि जाताना स्वतः गाडी चालवू नका, कुणालातरी सोबत घ्या.